तीन दाण्यांचं डावं दार

नानांनी मला खोली दाखवली तेव्हा भाड्याचं बोलण्याआधी माझ्या खाटेची लांबी विचारली. मला ती माहीत नव्हती.

"घरी फोन करून विचार," ते म्हणाले. "सहा फुटांच्या वर असली तर खोलीचं दार पूर्ण उघडणार नाही. मग रोज त्या दाराशी भांडत बसशील."

मी रावेरकडच्या आमच्या गावी आईला फोन लावला. आईनं हातानं मोजून सांगितलं, चार हात आणि वर चार बोटं. नानांनी मनात हिशोब केला. "सहा फूट तीन इंच. खाट आणू नको. माझ्याकडे एक आहे, ती बरोबर बसते." भाडं शेवटी मीच विचारलं.

धुळ्यात, देवपुरात, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं राहिले. जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. नाना सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. बाहेरच्यांशी ते कचेरीतली मराठी बोलत. बायकोशी, म्हणजे काकूंशी, अहिराणी, तीही दोन-तीन शब्दांपुरती. जिना चढताना पायऱ्या मोजत. रोजच्याच सोळा. "एखादी वाढली का?" मी एकदा विचारलं. "वाढली तर कळायला नको?" ते म्हणाले, आणि त्यात त्यांना विनोद केल्यासारखं काही वाटलेलं दिसलं नाही.

राहायला गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. काकूंनी एका धोतरावर उडदाचे पापड घातले होते. शेजारी दुसऱ्या धोतरावर लाल, पांढरे, राखाडी रंगाचे प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे पसरलेले होते. लहान मुलं एकमेकांत बसवून घरं आणि गाड्या बनवतात, त्या विटा. नाना स्टूल टाकून राखण करत होते. चिमण्या पापडांवर उतरत होत्या आणि नानांचं लक्ष विटांवर होतं.

"खेळणी धुतली का?" मी विचारलं.

"खेळणी नाहीत. वापरलेला माल आहे. आला की कोमट पाण्यातून काढावा लागतो."

काकू पापड उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरमा खेळणारं कोणी नही, अन बठ्ठा घरभर ह्या विटा."

निवृत्त झाल्यावर नाना पुण्याला मुलीकडे गेले होते, तिथं त्यांनी पहिल्यांदा अशी वीट हातात घेतली. तिच्यावरचे गोल उंचवटे मोजले. त्या उंचवट्याला ते दाणा म्हणत. एक दाणा म्हणजे एक फूट, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. दोन दाणे रुंद आणि चार लांब ती दोन-चारची वीट. भिंत एक दाणा जाड. या हिशोबानं तीस फूट बाय चाळीस फुटांचं घर जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत उभं राहायचं.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी, भरीत-भाकरी खाताना, सांगितलं. नोकरीत असताना त्यांनी एका घराच्या वाटणीचा नकाशा काढून दिला होता. त्यात इंचाची चूक नव्हती. नकाशा पसरला, पुरुष त्यावर वाकले, आणि मागून घरातली एक बाई म्हणाली, "साहेब, यात माझी चूल कुठं आहे?" नानांनी बोट ठेवलं. ती म्हणाली, "इथं तर नुसती रेघ आहे."

"नकाशा वाचता येणारा माणूस घरात एकच असतो," नाना म्हणाले. "त्यात काय लिहिलंय ते तोच बाकीच्यांना सांगतो. बाकीच्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?"

म्हणून कोणी घराच्या वाटणीसाठी आलं की नाना आधी टेप घेऊन जात, घर मोजत, आणि मग देवपुरात बसून ते विटांनी बांधत. वर छत नाही, म्हणजे सगळ्या खोल्या उघड्या. ते घर जमिनीवर मधोमध ठेवायचं आणि भोवती सगळ्यांनी बसायचं. भिंत कुठं घालायची ते आपल्या हातानं घालून दाखवायचं. फी नव्हती. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि एक जेवण. भाकरी कळण्याची, ज्वारी-उडदाची, असेल तर बरं, एवढं ते आधी कळवत.

विटांची तयार पेटी मात्र नानांनी कधी घेतली नाही. "पेटीत त्यांना जे बांधायचंय ते येतं," ते म्हणत. "मला जे मोजलंय ते बांधायचंय." त्यामुळे ते सुट्या विटा मागवत. इंटरनेटवर असे बाजार आहेत, जिथं कुठले कुठले लोक आपल्याजवळच्या विटा एकेक नग विकतात. कोणाकडे वीस हजार, कोणाकडे चाळीस. नाना चष्मा कपाळावर ढकलून मोबाईलमध्ये ती यादी तासन्‌तास बघत. खिडकी दोन दाण्यांची हवी असेल तर तीन दाण्यांची त्यांना चालत नसे. स्वस्तातल्या नकली विटा तर घरात येऊ देत नसत. ती वीट आज बसते आणि उद्या निसटते, असा त्यांचा अनुभव होता.

विक्रेत्यांना इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून आले की मी खाली बसायचे आणि नाना सांगायचे. "सदर विटेच्या डाव्या कोपऱ्यास चीर आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा." मी इंग्रजीत लिहायचे, कोपरा तडकलाय का? नाना पडद्याकडे बघून विचारायचे, "एवढंसंच?"

त्या विक्रेत्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, पण ते घरातल्यासारखे झाले. कोइमतूरचे एक गृहस्थ प्रत्येक वीट तमिळ वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पाठवत. नाना ते तुकडे सरळ करून जपून ठेवत. बेंगळुरूची एक मुलगी लहानपणच्या विटा विकून टाकत होती. तिच्याकडून बारा मागवल्या तर चौदा आल्या. नानांनी दोन परत पाठवल्या. तिनं लिहिलं, अहो, त्या भेट होत्या. नानांनी मला लिहायला लावलं, "भेट असल्यास तसा उल्लेख पावतीवर असावा." आठवड्यानं त्याच दोन विटा पुन्हा आल्या. सोबत चिठ्ठी होती, तीत फक्त 'भेट' असं लिहिलेलं, देवनागरीत, कोणाकडून तरी शिकून घेतल्यासारखं. नानांनी ती चिठ्ठी काकूंना दाखवली. मग पुन्हा एकदा दाखवली.

पहिल्या वर्षी नशिराबादचे दोन भाऊ आले. थोरला एसटीनं, धाकटा मोटारसायकलवर. हायवेजवळ त्यांचं दुमजली घर होतं. मधली भिंत कुठं घालायची यावर दोघांचं जमलं होतं. अडलं होतं जिन्यावर. घरात जिना एकच, आणि तो थोरल्याच्या वाट्याला येणाऱ्या भागात. वरच्या दोन खोल्या धाकट्याच्या. नानांनी बांधलेलं घर सतरंजीवर ठेवलं तेव्हा बाकी सगळं होतं, जिन्याच्या जागी भोक होतं.

"जिना मागवलाय," नाना म्हणाले. "आला की बसू."

"नाना, तिथं जिना आहे असं समजून चाला ना," थोरला म्हणाला.

"समजून चाललात म्हणून तर इथं यावं लागलं."

मग रोज फोन येऊ लागले. एक दिवस एकाचा, एक दिवस दुसऱ्याचा. आधी, जिना आला का? मग हळूहळू इतर बोलणं. थोरल्यानं एकदा सांगितलं की स्लॅब टाकला तेव्हा निम्मा खर्च धाकट्यानं केला होता, हे तो चारचौघांत कधी बोलला नव्हता. धाकट्यानं सांगितलं की वडील शेवटी अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं सगळं थोरल्यानं केलं. नाना दोघांनाही नुसतं "हं" म्हणत. सहा आठवड्यांनी त्यांनी दोघांना बोलावलं, जिना बसवला, आणि अर्ध्या तासात मिटलं. धाकट्यासाठी बाहेरून लोखंडी जिना काढायचा, जागा थोरल्यानं द्यायची. जाताना दोघं एकाच मोटारसायकलवर गेले.

त्या संध्याकाळी कात्री शोधताना नानांच्या टेबलाच्या खणात मला एक फोडलेलं पार्सल दिसलं. जिन्याचं. त्यावरची तारीख बघितली. जिना बाराव्या दिवशीच येऊन पडला होता.

"नाना, जिना तर केव्हाच आला होता."

"जिना आला होता," नाना म्हणाले. "ते दोघं आले नव्हते."

मला ते फारच आवडलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट कितीजणांना सांगितली असेल.

दुसऱ्या वर्षी आमच्याच घरात तेच सुरू झालं. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. काकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि घर वेगळं करायचं निघालं. बाबा आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले. केळीच्या बागेतलं काम दोघं मिळूनच करत, पण पाण्याची पाळी कोणाची हे आई नाहीतर माझी काकू सांगे. मी सुट्टीला गेले की जेवताना कोणी बोलत नसे. मीच नानांना म्हटलं, आमचं घर मोजाल का?

नानांनी वही काढली. "घरात जन्मलेली माणसं किती?"

"दोन. बाबा आणि काका."

त्यांनी दोन लिहिलं. मी मुद्दाम काही लपवलं नाही. मनात दुसरं काही आलंच नाही, एवढंच.

नाना जळगावमार्गे आमच्या गावी आले. दिवसभर टेप लावून मोजत होते. घर अठ्ठावीस फूट बाय चाळीस. पुढं ओसरी, मग खोल्या, आणि मागं केळीकडे उघडणारं एक छोटं दार. त्या दाराची रुंदी त्यांनी दोनदा घेतली. तीन फूट. आत उघडतं, डावीकडे. बाबा आणि काकांनी मनात धरलेली भिंत नेमकी त्या दारावर जात होती. ते दार बुजणार होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पुढून दोघांना स्वतंत्र दारं निघत होती.

देवपुरात घर बांधून झालं आणि दारावर येऊन थांबलं. आजकालच्या विटांमध्ये दार चार दाण्यांचं येतं. तीन दाण्यांचं जुन्या संचांत असे, आणि त्यातही डावं वेगळं, उजवं वेगळं. बेंगळुरूच्या मुलीकडे उजवं होतं. नानांना ते चालेना. शेवटी कोइमतूरच्या गृहस्थांनी लिहिलं, डावं एक आहे, पण पिवळं पडलंय आणि कडेला कोणा लहान मुलाच्या दाताची खूण आहे.

"लिही, चालेल," नाना म्हणाले. "दार वापरलेलंच असतं."

नवव्या दिवशी पार्सल आलं. नाना बाहेर गेले होते, मीच सही करून घेतलं आणि संध्याकाळी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फोडलं, दार उजेडात धरून बघितलं आणि खणात ठेवलं. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या रात्री बाबांचा फोन आला. "दार आलं का गं तुझ्या नानांचं?"

"नाही अजून," मी म्हटलं.

महिनाभर मी बाबांशी खोटं बोलले आणि आपण काही शहाणपणाचं करतोय असं मला वाटत राहिलं.

महिन्यानं बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. मोकळा. "अगं, मी आणि काका काल जळगावला जाऊन आलो. एकाच गाडीवर. येताना रसवंतीवर थांबलो." मला रडू यायचं बाकी होतं. मी धावत खाली गेले. नाना विटा रंगांप्रमाणे डब्यांत लावत होते.

"नाना, तुमचं जमलं. दोघं एकत्र जळगावला गेले होते."

"छान. कशासाठी?"

"आत्याच्या सहीसाठी. हक्कसोडपत्राला. तेही काम झालं, तिनं लगेच सही दिली."

नानांच्या हातात एक लाल वीट होती. ती त्यांनी कुठल्याच डब्यात टाकली नाही.

"कोण आत्या?"

"बाबांची बहीण. जळगावला असते."

"तू मला दोन सांगितले होते."

"ती घरात राहत नाही ना, नाना. लग्नाला चाळीस वर्षं झाली."

"मी राहणारी नव्हतं विचारलं," ते म्हणाले. "जन्मलेली विचारलं होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. खणातून ते पिवळं दार काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मी दार दाबून ठेवलं नसतं, तर त्यांना जळगावला जायला सवड मिळाली नसती. दोघं एकत्र आले ते तिला बाहेर काढायला आले." मी म्हटलं की आत्या तशीही सही देणारच होती. नाना म्हणाले, "ते तुला माहीत, की तिला?"

शनिवारी ते मला घेऊन जळगावला गेले. आत्याचं घर दोन खोल्यांचं. तिनं घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले. नाना बसले नाहीत. "अक्का," ते उभ्यानंच म्हणाले, "मी तुमचं माहेरचं घर मोजलं आणि तुम्हाला विचारलं नाही. चूक झाली." आत्यानं गोंधळून माझ्याकडे बघितलं. "मोजा ना," ती म्हणाली. "मले काय त्याचं." पण दुसऱ्या दिवशी गावी याल का असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं साडी बदलायच्या आधीच शेजारणीकडे किल्ली ठेवायचं बोलून टाकलं.

रविवारी सकाळी आमच्या ओसरीत नानांनी घर मांडलं. बाबा, काका, आत्या आणि मी भोवती बसलो. आई आणि माझी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. नानांनी खिशातून ते दार काढून मागच्या भिंतीत बसवलं.

"अक्का, या घरातलं तुम्हाला काय पाहिजे?"

काका म्हणाले, "नाना, तिची सही झाली. रजिस्टर झालं ते."

"कागदाचं मी विचारत नाही."

"मले काही नही पाहिजे," आत्या म्हणाली.

नाना थांबले. आत्या थोडी पुढं वाकली. खोल्यांवरून तिची नजर फिरली, आणि मग तिनं नखानं ते छोटं दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"हे दार राहीन का?"

"ते बंद होईल," काका म्हणाले. "तिथं भिंत येते. पण पुढची दोन्ही दारं तुझीच की. केव्हाही ये."

"पुढच्या दारानं मी पाव्हनी येते," आत्या म्हणाली. "अंगनात उभी राह्यते, कोनी या म्हनेपर्यंत. लहानपनी केळीतून आली का मांगून सरळ आत. कोनाले आवाज द्या लागे नही." तिनं दार पुन्हा लावलं. "कागदावर हाये ते राहू द्या. मले हे दार पाहिजे."

काकांनी मोबाईल हातात घेतला आणि परत खाली ठेवला. बाबा पुढं सरकले. मधली भिंत त्यांच्या हाताशी होती. ते एकेक वीट उचकटू लागले. जुन्या विटा घट्ट बसतात. त्यांच्या अंगठ्याचं नख तुटलं. सगळी भिंत काढून त्यांनी ती तीन दाणे आपल्याकडे घेतली आणि दाबून बसवली. काकांच्या कडेनं नानांनी दुसरी भिंत घातली, आणि पुढपासून मागच्या दारापर्यंत एक अरुंद बोळ निघाली.

"मग माझ्याकडून किती?" काकांनी विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उदार माणसाचा नव्हता. वैतागलेला होता.

तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "मग भांड्यांची मांडणी मी कुठं लावू?"

तीन फूट आईच्या स्वयंपाकघरातून गेले होते. तिला कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. नानांनी मात्र मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि जेवताना ते एक भाकरी कमी जेवले.

बोळ झाली. वाटणीपत्रात तिचा उल्लेखही आला. त्या वर्षात आत्या तिथून दोनदा आली. एकदा तर भर दुपारी, आई झोपलेली असताना. कोणाला न उठवता पाणी पिऊन, मागं केळीत थोडा वेळ बसून निघून गेली. ओट्यावर उपडा घातलेला पेला ओला होता म्हणून आईला कळलं. आईनं ते मला फोनवर सांगितलं, आणि मांडणीबद्दल पुन्हा एकदा कुरकुरली.

त्या रविवारनंतर देवपुरात परतल्यावर नानांनी झालेलं सगळं काकूंना सांगितलं. काकू गहू निवडत होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीबी दिधी व्हती सही. माहेरना कागद तुम्हीच आणेल व्हता."

नानांना आठवेना. कुठं, केव्हा, ते विचारत राहिले. काकूंनी त्यांना साल सांगितलं, कुठल्या पेननं सही केली ते सांगितलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक काय होता तेही. आवाजात राग नव्हता. सूप झटकून त्या आत गेल्या.

दोन दिवस नानांनी मला खाली बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर जुन्या वह्या सतरंजीवर पसरलेल्या. वाटणीची अकरा घरं त्यांनी केली होती. प्रत्येक वहीत जन्मलेल्यांचा आकडा होता आणि अकराही घरांत तो नुसत्या भावांचा होता. "मी प्रत्येक वेळी विचारलं," ते म्हणाले, "आणि तू सोडून प्रत्येक वेळी पुरुषांनाच विचारलं." मग ते फोन लावू लागले. अकरापैकी सात घरांत बहिणी निघाल्या. दोघातिघांनी फोन मध्येच ठेवून दिला. एकानं विचारलं, आता कोर्टात जायला लावता का आमच्या बहिणीला?

नानांनी पहिलं घर काढलं ते नशिराबादचं. वहीतल्या मापांवरून पुन्हा बांधलं. जिना मधल्या काळात दुसऱ्या घरात वापरला गेला होता, तो पुन्हा मागवावा लागला. या वेळी पार्सल आल्यावर त्यांनी ते दारातच फोडलं, पार्सलवाला अजून गाडी वळवत होता.

त्या भावांची बहीण चाळीसगावला असते. एका सकाळी आम्ही एसटीनं निघालो. घर कापडी पिशवीत, पिशवी नानांच्या मांडीवर. रस्ता खराब लागला की ते पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून धरत. बाईंचं साडीला फॉल-पिको करून देण्याचं छोटं दुकान होतं. पन्नाशीच्या असतील. नानांनी कोण, कुठले ते सांगितलं आणि काउंटरवरच्या साड्या बाजूला सरकवून घर ठेवलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"हे आमचंच," त्या म्हणाल्या. वरच्या खोलीच्या खिडकीवर बोट ठेवलं. "इथून हायवे दिसायचा."

"या घराची वाटणी मी केली," नाना म्हणाले. "तेव्हा तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्हाला यातलं काय हवं होतं?"

बाईंनी दोरा तोडला. "मला काहीच नको होतं."

नानांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. ते पिशवी उलगडू लागले.

"पण विचारलं असतं, तर नको म्हणता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता मीच नको म्हटलं, की मला दिलं नाही, हे माझं मलाच कळत नाही."

दोन बायका साड्या घेऊन आल्या. बाई त्यांच्याशी रंगाचं बोलू लागल्या. नाना गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. बाईंनी चहा मागवला, आम्ही प्यालो, आणि निघताना त्यांनीच पिशवीचं तोंड उघडून धरलं.

परतीच्या गाडीत नाना पिशवी मांडीवर धरून बसले. धुळं जवळ आल्यावर म्हणाले, "सोमवारी शिरपूर. तिथं तीन बहिणी आहेत." माझे सोमवारी दोन तास होते. मी ते बदलून घेतले.

शिरपूरला पहिल्या घराचं दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. त्यांनी नानांकडे बघितलं, छातीशी धरलेल्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "काय विकताय?"

"काही नाही," नाना म्हणाले. "विचारायला आलोय."